निष्कर्ष आधी कोणापुढे ठेवावेत: गावापुढे, सरकारपुढे की परदेशी नियतकालिकापुढे?

विचारणा
सार्वजनिक आरोग्य संशोधक, बडोदे

सर्व सदस्यांस नमस्कार.

मी बडोद्यात राहते आणि छोटा उदेपूर जिल्ह्यातील आदिवासी वस्त्यांमध्ये सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची पाहणी करणाऱ्या एका प्रकल्पात काम करते. खर्चाचा मोठा भाग एका परदेशी विद्यापीठाने उचलला आहे, नमुने गोळा करताना आरोग्य यंत्रणेने गाड्या आणि आशा कार्यकर्त्या दिल्या, आणि रक्त दिले ते फळियांमधल्या (छोट्या वस्त्यांमधल्या) माणसांनी. विश्लेषण आता पुरे होत आले आहे. या तिन्ही पक्षांना निष्कर्ष हवे आहेत. मात्र प्रत्येकाला ते निराळ्या रूपात हवे आहेत आणि प्रत्येकाला ते इतरांच्या आधी हवे आहेत. आमच्या बैठकांमध्ये हल्ली रक्तापेक्षा याच विषयावर अधिक बोलणे होते.

परदेशी सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, निबंधात गाववार तक्ता असावा आणि नावे काढून टाकलेली सगळी माहिती एका खुल्या संग्रहात ठेवावी. त्यांना निधी देणाऱ्या संस्थेची ती अट आहे, आणि आमचे गणित दुसऱ्या कोणाला तपासून पाहता यावे, हा त्यामागचा विचार मलाही मान्य आहे. स्थानिक आरोग्य कार्यालयाचे म्हणणे असे की, काहीही छापण्यापूर्वी अहवाल त्यांच्याकडे यावा आणि त्यात जमातीचे किंवा तालुक्याचे नाव नसावे, कारण त्यामुळे भागाची नाचक्की होते. तेथील एका अधिकाऱ्यांनी तर जैवविविधता कायद्याचा दाखला देऊन, परदेशी सहकाऱ्यांना निष्कर्ष पाठवणेच बेकायदा ठरेल, असे सुचवले. गावातल्या बायकांच्या बैठकीत मात्र एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी विचारला गेला: ‘आमच्या पोरींची लग्ने होतील ना?’

संमतिपत्राचा मसुदा प्रकल्प सुरू होण्याआधीच ठरून आला होता. त्यात प्रत्येकाला त्याचा निकाल कळवला जाईल, असे गुजरातीत लिहिलेले आहे; परंतु सगळ्यांचा मिळून जो निष्कर्ष निघेल तो कोणाला, केव्हा आणि कोणत्या भाषेत सांगायचा, याबद्दल त्यात एक ओळही नाही. घरात राठवी बोलणाऱ्या माणसाला गुजराती कागद, त्या कागदाच्या आधारे इंग्रजी निबंध, आणि त्या निबंधावरून एखाद्या वर्तमानपत्रात येणारी दोन ओळींची बातमी, एवढा प्रवास करून ती गोष्ट परत गावात येते तेव्हा तिचे काय झालेले असेल, याची मला खरोखर काळजी वाटते.

माझे स्वतःचे मत असे बनत चालले आहे की, ज्यांनी रक्त दिले त्यांना निष्कर्ष सर्वांत आधी कळले पाहिजेत आणि ते छापण्याच्या रूपाविषयी त्यांना बोलता आले पाहिजे. पण गावाला आधी सांगितले आणि त्यातून एखाद्या मुलीचे ठरलेले लग्न मोडले, तर ‘आधी सांगणे’ हेच त्यांच्यावर ओढवलेले संकट ठरेल. अशा प्रकारच्या कामाचा अनुभव असलेल्या सदस्यांनी, विशेषतः माळव्यात आणि निमाडात काम केलेल्यांनी, मार्ग सुचवावा ही विनंती.

उत्तर १
रक्तविकारांचा चिकित्सक, इंदूर

ताई, बायकांनी विचारलेल्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण आपल्या बाकीच्या अडचणींची उत्तरे त्यातून निघतात असे मला वाटते. अलीराजपूर, झाबुआ, बडवानी या भागांतून इंदुरास येणाऱ्या कुटुंबांकडून मीही तोच प्रश्न ऐकत असतो. छोटा उदेपूर आणि अलीराजपूर यांच्यामधून राज्याची सीमा जाते, सोयरीक मात्र त्या सीमेवर थांबत नाही. तेव्हा आपण गुजरातमधल्या एखाद्या गावाबद्दल जे छापाल त्याचे परिणाम मध्य प्रदेशातल्या घरांवरही होतील, हे आरंभीच लक्षात घ्यावे.

माझे पहिले आग्रहाचे म्हणणे असे की, एकेका माणसाचा निकाल आणि सगळ्यांचा मिळून निघालेला निष्कर्ष या दोन गोष्टींचा क्रम चुकता कामा नये. निकाल आधी, तोही एकांतात आणि ज्याचा त्यालाच; सभेतले बोलणे नंतर. गावात वापरली जाणारी विद्राव्यतेची चाचणी स्वस्त आणि झटपट असली तरी वाहक (ज्याला सदोष जनुक आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच मिळाले आहे आणि जो स्वतः आजारी नाही) कोण आणि रुग्ण कोण हे ती सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी लागते. ती पुरी होण्याआधी कोणाच्याही कानावर काही जाऊ देऊ नये, कारण ‘हिच्या रक्तात दोष निघाला’ हे वाक्य एकदा पसरले की नंतर आलेला बरोबर कागद ते पुसू शकत नाही.

ग्रीसमधील ऑर्कोमेनोस या गावाचे उदाहरण आमच्या क्षेत्रात नेहमी दिले जाते. तेथे सिकलसेलचे प्रमाण मोठे होते, म्हणून संशोधकांनी गावाची तपासणी केली आणि दोन वाहकांनी आपसात लग्न करू नये, या हेतूने ज्याला त्याला त्याचा निकाल सांगितला. काही वर्षांनी, १९७० च्या दशकात, जे पाहायला मिळाले ते हेतूच्या उलट होते. वाहक हे लग्नाच्या दृष्टीने कमी प्रतीचे मानले जाऊ लागले, म्हणून लोकांनी आपले निकाल लपवले, आणि दोन वाहकांची लग्ने व्हायची तशी होतच राहिली. अमेरिकेत १९७२ साली सिकलसेल नियंत्रणाचा कायदा झाला, त्या सुमारास काही राज्यांनी कृष्णवर्णीयांची तपासणी सक्तीची केली. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, हे न समजावता केलेल्या या घाईमुळे पूर्णपणे निरोगी माणसांना नोकऱ्या आणि विमा नाकारला गेला. शास्त्र दोन्हीकडे बरोबर होते. सांगण्याची रीत तेथील समाजाला ओळखून ठरवलेली नव्हती.

याच्या उलट सायप्रसचे पाहा. तेथे थॅलेसेमिया या दुसऱ्या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण फार होते. लग्नाआधी तपासणीचा दाखला चर्चनेच मागण्यास सुरुवात केली, तपासणी एखाद्या विशिष्ट समूहाची न होता सगळ्यांची झाली, आणि दोघेही वाहक निघाले तरी गर्भावस्थेत निदान करून घेण्याची सोय उपलब्ध होती. त्यामुळे अशी जोडपी बहुधा लग्ने करत राहिली आणि तरीही या आजाराची नवी मुले जन्मणे जवळपास थांबले. निकालाबरोबर पुढचा मार्ग दिला तर लोक निकाल ऐकून घेतात, असा त्याचा अर्थ मी लावतो. आपल्याकडे २०२३ च्या जुलैमध्ये शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले असून त्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले होते. तपासणीच्या या ओघात समुपदेशन मागे पडू नये, यासाठी आपल्यासारख्या छोट्या प्रकल्पांनी तरी वेळ काढला पाहिजे.

आता प्रत्यक्षात काय सांगावे ते. वाहक आणि हे जनुक मुळीच नसलेली व्यक्ती यांच्या मुलांना हा आजार होत नाही. फार तर काही मुले वाहक निघतील. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक असते. ‘चारात एक’ हे बोलून समजत नाही. पहिले मूल आजारी झाले म्हणजे पुढची तीन चांगली होणार, असे बहुतेक आईवडील धरून चालतात. मी दोन पिशव्यांत पांढरे आणि लाल मक्याचे दाणे निम्मे निम्मे घेतो, नवऱ्याने एका पिशवीतून व बायकोने दुसरीतून न पाहता एकेक दाणा काढायचा, रंग पाहायचा, दाणे परत टाकायचे आणि पुन्हा काढायचे. लाल-लाल जोडी कधी लागोपाठ येते, कधी बराच वेळ येत नाही, आणि दर वेळी खेळ पहिल्यापासून सुरू होतो हे हातांनाच कळते. ‘मग ज्या घरी वाहक नाहीत तिथे पोरगी द्यायला हरकत नाही’, हे वाक्य या खेळानंतर बायका स्वतःहून म्हणतात, आणि ते त्यांच्याच तोंडून निघालेले बरे.

गाववार तक्त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. तीस-चाळीस घरांच्या वस्तीत नावे काढून काही साधत नाही. वय, स्त्री की पुरुष आणि वस्ती एवढे सांगितले तरी माणूस ओळखता येतो.

उत्तर २
निवृत्त आरोग्य प्रशासक, ग्वाल्हेर

मी आयुष्यभर टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलो आहे, म्हणून कार्यालयाची बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. कायद्याचा मुद्दा आधी निकालात काढू. जैवविविधता कायदा, २००२ यात जैविक संसाधनांची जी व्याख्या आहे तिच्यातून मानवी जनुकीय सामग्री स्पष्ट शब्दांत वगळलेली आहे. तेव्हा तो दाखला येथे लागू पडत नाही, हे आपण त्या अधिकाऱ्यांना नम्रपणे आणि लेखी कळवावे. लागू पडतात ती भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे, आपल्या संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता, आणि परदेशी सहभाग असल्यामुळे आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी. तिन्ही कागद हाती असतील तर आपली बाजू भक्कम आहे.

पण ‘नाचक्की’ हा शब्द ऐकून आपण त्या कार्यालयाला मोडीत काढू नये. ही भीती कोठून येते ते पाहावे. २००८ साली स्वीडनमधील भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या शरीरात प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू सापडले. त्याच्यावर आधी दिल्लीत उपचार झाले होते, म्हणून त्या जिवाणूंतील विकराला (एन्झाइमला) दिल्लीचे नाव देण्यात आले. २०१० च्या ऑगस्टमध्ये या विषयावरचा मोठा निबंध ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकसमूहात आला, त्यात भारतात येणाऱ्या परदेशी रुग्णांना धोका असल्याचा इशारा होता, आणि येथे संसदेपर्यंत संताप उसळला. २०११ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’च्या संपादकांनी शहराचे नाव देणे ही चूक होती असे सांगून दिलगिरी व्यक्त केली. या सगळ्या गदारोळात चेन्नईच्या संशोधकांसह अनेकांनी मिळून दाखवलेली मूळ गोष्ट, म्हणजे आपल्या रुग्णालयांमध्ये जिवाणूंवरची औषधे निकामी होत आहेत, ही बराच काळ बाजूला पडली. नव्या आजारांना ठिकाणांची वा लोकसमूहांची नावे देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले ते अशाच अनुभवांनंतर.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी कोरोनाचा ओमिक्रॉन हा नवा प्रकार ओळखून विनाविलंब जगाला कळवला. काही दिवसांतच युरोपने आणि अमेरिकेने त्या भागातून येणारा प्रवास बंद केला. खरे बोलणाऱ्या देशाला त्याची किंमत मोजावी लागली, आणि हे पाहिलेला कोणताही अधिकारी आपल्या भागाचे नाव कागदावर येताच सावध होणार. ही सावधगिरी लोकांच्या हिताच्या आड येऊ द्यायची नाही, पण ती समजून घेतल्याशिवाय तिच्याशी बोलताही येत नाही.

उपाय असा. अहवाल कार्यालयाला परवानगीसाठी पाठवू नये, अभिप्रायासाठी पाठवावा, आणि ठरावीक मुदतीत अभिप्राय आला नाही तर प्रकाशन पुढे जाईल असे सोबतच्या पत्रात नमूद करावे. तपशिलातील चूक दाखवली तर ती दुरुस्त करावी. निष्कर्ष बदलण्याची सूचना आली तर ती लेखी मागावी. लेखी मागितली की बहुधा येत नाही. शिवाय अधिकाऱ्यांना निबंधाआधी दोन पानांचे टिपण द्यावे आणि त्यात दोष न सांगता मागण्या सांगाव्यात: कोणत्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हायड्रॉक्सीयुरिया या औषधाचा पुरवठा लागेल, कोठे समुपदेशक हवा, कोठे पक्की तपासणी करणारे यंत्र हवे. पुढच्या अंदाजपत्रकात ज्याचा उपयोग होतो तो कागद कोणतेही कार्यालय सहसा दडपत नाही.

जमातीचे नाव मात्र वगळावे, असेच माझेही मत आहे.

उत्तर ३
निवृत्त प्राध्यापक, समाजशास्त्र, बडोदे

ग्वाल्हेरच्या सदस्यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही, आणि हा मतभेद महत्त्वाचा असल्यामुळे सविस्तर लिहितो. राठवा समाजाचे नाव काढले आणि ‘पूर्व गुजरातमधील काही समुदाय’ असे लिहिले, तर कोणाला औषध पोहोचवायचे आणि कोणत्या भाषेत समुपदेशन करायचे, हे पुढे कोणी ठरवू शकणार नाही. नावाचा त्रास टाळण्यासाठी नावाचा लाभही काढून घेतला जाईल, आणि हा निर्णय पुन्हा त्यांच्यावतीने दुसरेच कोणी घेतलेले असेल. माझ्या मते नाव असावे की नसावे हे त्यांनाच विचारावे.

हे विचारण्याची पद्धत जगात आता नवी राहिलेली नाही. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये हवासुपाई या आदिवासी समाजाने १९९० पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिले. पुढे त्यांना कळले की तेच रक्त मनोविकार, नात्यातील विवाह आणि त्यांचे पूर्वज कोठून आले अशा विषयांसाठीही वापरले गेले, आणि त्यावरचे निबंधही छापून आले होते. ज्या खोऱ्यात आपण निर्माण झालो असे त्यांची परंपरा सांगते, तेथे आपण बाहेरून आलो असे कोणी आपल्याच रक्तावरून सांगावे, हे त्यांना किती लागले असेल याची कल्पना करावी. खटला झाला, आणि २०१० मध्ये विद्यापीठाने ७ लाख डॉलर देऊन व उरलेले नमुने परत करून तो मिटवला. आफ्रिकेतील सान समाजाने २०१७ साली संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. तिच्यात आदर, प्रामाणिकपणा, न्याय आणि काळजी यांची अपेक्षा आहे, आणि आम्हाला समजेल अशा भाषेत बोला, असे स्पष्ट म्हटले आहे. आदिवासी समाजांच्या माहितीवर त्या समाजांचा अधिकार मानणारी ‘केअर’ नावाची तत्त्वे २०१९ मध्ये पुढे आली, ती खुल्या संग्रहांच्या आग्रहाला पूरक म्हणूनच. परदेशी सहकाऱ्यांना ही तत्त्वे दाखवावीत. त्यांच्या विद्यापीठात ती माहीत असतील, आणि सगळी माहिती खुली न ठेवता अर्ज करणाऱ्या संशोधकाला अटींवर देण्याची सोय बहुतेक संग्रहांमध्ये असते.

छोटा उदेपूर आणि नसवाडी हे तालुके राज्यघटनेच्या पाचव्या, म्हणजे आदिवासी भागांसाठीच्या अनुसूचीत येतात, आणि अशा भागांतील पंचायतींसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभेला साध्या ग्रामपंचायतीपेक्षा अधिक मान आहे. वैद्यकीय निबंधाला ग्रामसभेची संमती घ्यावी असे तो कायदा म्हणत नाही. परंतु लोकांशी सामूहिक बोलणी करण्याची जागा म्हणून ती सर्वांना ओळखीची आहे. तेथे सरपंचांबरोबर बडव्यालाही, म्हणजे राठवांच्या पुजाऱ्यालाही बोलवावे. पिठोरा हे भिंतीवरचे धार्मिक चित्र लिहिण्याच्या वेळी ज्याचा शब्द चालतो, त्याला वगळून आजाराविषयी सभा घेतली तर सभेनंतरचे खरे बोलणे त्याच्याच अंगणात होईल आणि आपण तेथे नसाल.

सभेत आणि निबंधात एक गोष्ट ठळकपणे यावी. हे जनुक कोणा एका जमातीचे नव्हे. भारतात ते १९५२ मध्ये नीलगिरीतील आदिवासींमध्ये आढळले. आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राचा किनारा आणि आपल्या विदर्भातील आदिवासी नसलेले अनेक समाज, या सर्वांत ते आहे. जेथे मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या होता तेथे वाहकांना त्याच्यापासून काही प्रमाणात संरक्षण मिळाले, म्हणून ते टिकले; हे १९५४ मध्ये दाखवून दिले गेले. ‘तुमच्या पूर्वजांना ज्याने मलेरियातून तारले तेच दोन्हीकडून आले तर मुलाला जड जाते’, असे सांगितल्यावर ऐकणाऱ्याची मान खाली जात नाही. शास्त्राच्या दृष्टीनेही हेच पूर्ण विधान आहे; टक्केवारी एकटी छापणे हे अपुरे शास्त्र आहे.

भाषेबद्दल थोडे, आणि हे आपल्या शहराचे म्हणून सांगावेसे वाटते. सयाजीराव महाराजांचे राज्य मराठी घराण्याचे, प्रजा बहुतांशी गुजराती, आणि ज्ञान इंग्रजीतून येणारे. १९१० साली त्यांनी अमेरिकेतून ग्रंथालयतज्ज्ञ बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालय खाते उभारले तेव्हा पुस्तकांच्या फिरत्या पेट्या गावोगाव गेल्या, आणि ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी त्याच खात्याची दृश्य-शिक्षणाची शाखा काचचित्रे आणि चलचित्रे घेऊन गेली. वाचता न येणाऱ्यालाही राज्याच्या ज्ञानात वाटा आहे, हे त्यात गृहीत धरलेले होते. आज आपल्या प्रकल्पाला राठवी बोलणारी दोन तरुण माणसे पगारावर ठेवून दहा मिनिटांची ध्वनिफीत करणे अवघड जाऊ नये. त्यासाठी निधी मागताना ‘प्रसार’ या खात्याखाली जी किरकोळ रक्कम ठेवतात तीत ते बसत नाही, म्हणून परदेशी विद्यापीठाकडे ती रक्कम आताच स्वतंत्रपणे मागावी. पैसे नसल्यामुळे गावाला सांगायचे राहून गेले, हे मी इतक्या चांगल्या प्रकल्पांच्या बाबतीत पाहिले आहे की याबाबत माझा आग्रह आहे.

विचारणाकर्तीचे उत्तर
सार्वजनिक आरोग्य संशोधक, बडोदे

आपण सर्वांनी एवढा वेळ देऊन लिहिलेत, याबद्दल मनापासून आभारी आहे. इंदूरच्या डॉक्टरांचा क्रम मी जसाच्या तसा स्वीकारते: पक्की तपासणी झाल्याशिवाय एकही निकाल बाहेर जाणार नाही, निकाल ज्याचा त्याला एकांतात दिला जाईल, आणि सभा त्यानंतरच होईल. त्यात मला एकच भर घालावीशी वाटते. आजवर समुपदेशनाच्या वेळी समोर बहुधा बायकाच असतात, आणि वाहक निघालेल्या सुनेवर सगळा दोष येतो. दोघांकडूनही जनुक आल्याशिवाय मूल आजारी होत नाही, ही गोष्ट नवऱ्याने आणि सासऱ्याने ऐकली नाही तर मक्याचे दाणे कितीही वेळा काढले तरी घरातली परिस्थिती बदलणार नाही.

गाववार तक्ता काढून तालुक्याच्या पातळीवर आकडे द्यावेत आणि मूळ माहिती अटींवर उपलब्ध ठेवावी, असा प्रस्ताव मी परदेशी सहकाऱ्यांना पाठवला. त्यांच्याकडून पहिले उत्तर आले ते असे की, परीक्षक याला आक्षेप घेतील. मी त्यांना कळवले आहे की, कोणत्या कारणासाठी कोणती माहिती राखून ठेवली हे निबंधातच लिहू, म्हणजे लपवल्याचा आरोप राहणार नाही. या मुद्द्यावर मी मागे हटणार नाही, मग प्रकाशनाला उशीर झाला तरी चालेल.

कार्यालयाला ग्वाल्हेरच्या काकांनी सुचवल्याप्रमाणे दोन पानांचे टिपण आणि मुदतीचे पत्र जाईल. जैवविविधता कायद्यातील व्याख्या सोबत जोडते.

जमातीच्या नावाचा प्रश्न मात्र आपल्या दोघांच्या मतांमध्ये अजून अडकला आहे, आणि प्राध्यापक साहेबांचे म्हणणे मनाला पटत असूनही मला एक शंका आहे. ग्रामसभेने नाव छापायला हो म्हटले, तरी शेजारच्या तालुक्यातील ज्या राठवा कुटुंबांचा या पाहणीशी संबंधच आला नाही त्यांच्यावरही ते नाव लागू होते; त्यांच्यावतीने ही ग्रामसभा बोलू शकते का?

उत्तर ४
निवृत्त प्राध्यापक, समाजशास्त्र, बडोदे

शंका योग्य आहे. एका ग्रामसभेचा होकार हा पूर्ण समाजाचा होकार नव्हे, म्हणून निबंधाच्या शीर्षकात आणि सारांशात जमातीचे नाव घालू नये. बातमीदार तेवढेच वाचतात. आत, पद्धतीच्या भागात, ज्यांची पाहणी झाली त्यांचे वर्णन करताना त्यांच्या संमतीने नाव द्यावे, आणि हे प्रमाण केवळ पाहणी झालेल्या वस्त्यांचे आहे, समाजाचे नाही, असे त्याच परिच्छेदात लिहावे. समाजातील शिकलेली मंडळी छोटा उदेपुरात आणि बडोद्यात नोकरीला आहेत. मसुदा त्यांच्यापैकी काहींना वाचायला द्यावा आणि त्यांचा आक्षेप असेल तर तोही निबंधात नोंदवावा.

सभेची वेळ ठरवताना एक व्यावहारिक गोष्ट पाहावी. दिवाळीनंतर त्या भागातील पुष्कळ पुरुष मजुरीसाठी सौराष्ट्राकडे आणि शहरांकडे जातात आणि होळीला घरी परततात. नवऱ्यांनी आणि सासऱ्यांनी ऐकावे असे आपल्याला वाटते तर फाल्गुनाआधी सभा लावून उपयोग नाही. आणि होळीनंतरच्या कवांटच्या मेळ्याच्या दिवशीही नको, त्या दिवशी कोणी बसून ऐकणार नाही. होळीच्या आधीच्या आठवड्यात एकांतातले निकाल आणि मेळा आटोपल्यावर सभा, असे योजल्यास बरे.

उत्तर ५
रक्तविकारांचा चिकित्सक, इंदूर

त्याच दिवसांत अलीराजपूरकडेही भगोरियाचे, म्हणजे होळीआधीच्या उत्सवाचे बाजार असतात आणि बाहेर गेलेली माणसे घरी असतात. सीमेपलीकडच्या ज्या गावांशी आपल्या फळियांची सोयरीक आहे त्यांची यादी आशा कार्यकर्त्यांकडून मिळाली तर मला कळवावी. तेथील समुपदेशकांना मी त्याच सुमारास तीच माहिती, त्याच दाण्यांच्या खेळासह, द्यायला सांगतो. वधूच्या घरी एक आणि वराच्या घरी दुसरे, असे सांगितले जाऊ नये. समुपदेशनाचा माझा हिंदी मसुदा आपल्याला पाठवत आहे. राठवीत करताना त्यातील जे वाक्य तेथील बायकांना रुचणार नाही ते निःसंकोच काढून टाकावे.